नव्या कापडाचे, लोकरीचे आणि शिवणसामानाचे वास : बाळंतविडा शिवण्याआधी काय करावे?

झबलेवाली

नमस्कार. मी मागणीप्रमाणे बाळंतविडे शिवून देते. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, एक लहान गोधडी आणि थंडीच्या दिवसांत विणलेला स्वेटर असा साधारण संच असतो. हे सगळे सामान एका दुकानात मिळत नाही, त्यामुळे छापील सुती कापड मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून, गोधडीच्या पोटात घालायचा मांजरपाट इचलकरंजीहून आणि लोकर, लेस, बटणे पुण्याच्या रविवार पेठेतून येतात.

या खेपेला प्रत्येक गठ्ठ्याला निराळा वास आहे. छापील कापडाला रॉकेलचा, मांजरपाटाला आंबूस, ‘सुरकुत्या पडत नाहीत’ म्हणून घेतलेल्या पॉपलिनला ओल्या मासळीचा आणि लोकरीला डांबरगोळ्यांचा वास येतो. दुपट्याखाली घालायचे मेणकापड तर इतके उग्र आहे की ते गॅलरीत ठेवावे लागले. ओळखीच्या बायकांनी व्हिनेगर, खाण्याचा सोडा, कापूर, कडक ऊन आणि अत्तर असे सगळे उपाय सुचवले आहेत. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : कापण्यापूर्वी सगळेच सरसकट धुवावे का, कोणता वास नुसता त्रासदायक आहे आणि कोणता बाळाला अपायकारक आहे, आणि कोणता माल परत करावा. वास झाकण्याचे उपाय कृपया सुचवू नयेत, कारण बाळंतिणीचे नाक आपल्यापेक्षा तिखट असते.

भुलेश्वरकर

ताई, दुकानदाराच्या बाजूने थोडे सांगतो. तागे गिरणीतून निघतात तेव्हाच प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेले असतात आणि मग ट्रान्सपोर्टच्या गोदामात, विशेषतः पावसाळ्यात, पडून राहतात. त्यामुळे निम्म्या तक्रारी माल मोकळा केला की आपोआप मिटतात. मात्र एक काळजी घ्या. वास घालवण्याचा कोणताही प्रयोग अख्ख्या ताग्यावर करू नका आणि तागा फाडूही नका. कडेचा वीतभर तुकडा कापून त्यावर करा, कारण फाडलेला किंवा धुतलेला माल आमच्यापैकी कोणीच परत घेत नाही. बिल जपून ठेवा.

जुना रंगारी

झबलेवाली ताई, मी कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे जेथे कोरे कापड धुऊन, रंगवून, छापून त्याला शेवटचे फिनिश दिले जाते तेथे, नोकरी करून निवृत्त झालो आहे. सरसकट धुण्याचा सल्ला मी देणार नाही. काही वास पाण्यात विरघळतात, काही हवेत उडून जातात, काहींना साबण किंवा सोडाच लागतो, आणि काही वास त्या वस्तूचेच असल्यामुळे ती वस्तू असेपर्यंत राहतात. मूळ न ओळखता केलेल्या उपायाने वास आणखी मुरण्याची शक्यता असते.

आधी छापील कापडाबद्दल. पिगमेंट छपाईतला रंग धाग्यात शिरत नाही, तो बाइंडर नावाच्या चिकट द्रव्याने धाग्यावर बसवावा लागतो. या छपाईची लई दाट करण्यासाठी रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन पाण्यात घुसळून पांढरी लई तयार करण्याची पद्धत आपल्याकडे फार वर्षे होती, आणि त्या लईत तेलाचा भाग ७० ते ८० टक्क्यांपर्यंत असे. आता कृत्रिम द्रव्ये निघाली आहेत, तरी लहान छापखान्यांतून जुनी रीत पूर्णपणे गेलेली नाही. छापल्यानंतर कापड साधारण १५० अंश सेल्सिअसला काही मिनिटे भाजायचे असते. त्या भाजण्यात उरलेले तेल उडते आणि बाइंडर पक्का होतो. घाईच्या हंगामात हे भाजणे उरकले जाते, तेव्हा तेलही मागे राहते आणि रंगही कच्चा राहतो. म्हणून वासाबरोबर रंगाचीही परीक्षा घ्या. पांढरे ओले फडके छापावर दाबून घासा आणि पाहा. फडक्याला बराच रंग लागला तर ते कापड बाळाच्या तोंडात जाणाऱ्या दुपट्यासाठी वापरू नये, मग वास जावो अथवा न जावो.

रंग पक्का असेल तर हे कापड आधी पाण्यात घालू नका. ते एकपदरी पसरून, सावलीत पण वाहत्या वाऱ्यावर, काही दिवस ठेवा. घडी ठेवली तर आतल्या पदरातला वास तसाच राहतो. रॉकेल उडते, पण सावकाश उडते, म्हणून येथे धीर धरावा लागतो. वास बराच कमी झाला की कोमट पाण्यात चांगल्या डिटर्जंटने धुवा, कारण तेलकट अंश नुसत्या पाण्याने किंवा व्हिनेगरने निघत नाही. रॉकेलचा स्पष्ट वास येत असलेले कापड कपडे वाळवण्याच्या गरम यंत्रात मात्र कधीही घालू नये, त्यात आगीचा धोका असतो.

मांजरपाटाची गोष्ट वेगळी आहे आणि सोपीही आहे. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते. ती बहुधा मक्याच्या किंवा साबुकंदाच्या पिठाची असते आणि पूर्वी तिच्यात जनावरांची चरबीही घालत असत. कोरा मांजरपाट ही खळ अंगावर घेऊनच बाजारात येतो आणि दमट हवेत ती आंबते. हे कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. पाणी दुसऱ्या दिवशी फेसाळ आणि अधिकच आंबूस झालेले दिसेल, तो खळ सुटल्याचा पुरावा आहे. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि साबण घालून धुवा, हवे तर उकळवा, मांजरपाट ते सहन करतो. दोन-दोन दिवस भिजत मात्र ठेवू नये, कारण मग कापडावरच बुरशी धरते. हे कापड तसेही आधी धुवायलाच हवे, नाहीतर गोधडीचे पोट पहिल्या धुण्यात आटते आणि वरचा छापील पदर फुगून येतो.

पॉपलिनबद्दल मी जास्त सावध राहीन, पण ते स्वतंत्रपणे लिहितो.

लोकरीचा गुंडा

रंगारी काका पॉपलिनकडे वळण्यापूर्वी लोकरीचे सांगून टाकते, कारण या यादीत मला सर्वांत गंभीर तेच वाटते. लोकरीला दोन वास असू शकतात. एक मेंढीचा, म्हणजे लॅनोलिनचा आणि कातताना वापरलेल्या तेलाचा. तो निरुपद्रवी असतो आणि कोमट पाण्यात रिठा किंवा लोकरीसाठीचा सौम्य साबण घालून लडी न चोळता बुडवून काढली की बराचसा जातो. खाण्याचा असो वा धुण्याचा, सोडा लोकरीला आणि रेशमाला लावू नये. दोन्ही तंतू प्रथिनांचे असल्यामुळे क्षाराने खरखरीत आणि कमजोर होतात.

दुसरा वास डांबरगोळ्यांचा, म्हणजे नॅफ्थलीनचा. हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे कितीही धुतले तरी उपयोग थोडाच होतो. तो घनरूपातून थेट वाफेत जातो, म्हणून उबदार आणि खेळती हवा हाच त्याच्यावरचा इलाज आहे. गुंडा तसाच ठेवला तर आतला थर मोकळा होत नाही. तो उलगडून सैल लडी करावी आणि दोरीवर टांगावी.

आता बाळाबद्दल. काही बालकांच्या रक्तपेशींत जी-६-पी-डी नावाचे विकर जन्मतः कमी असते. अशा नवजात बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत किंवा पांघरुणात गुंडाळल्यास रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि वैद्यकशास्त्राला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांत त्या वेळी ठाऊकच नसते. म्हणून नाकाला पुसटसाही वास येत असेल तोपर्यंत त्या लोकरीचे बाळासाठी काही विणू नये. ती मोठ्या माणसाच्या मफलरीला ठेवावी आणि बाळासाठी दुसरी आणावी. दुकानात गुंडा हुंगून घेण्याची लाज वाटू देऊ नका.

शंकासुर

रंगारी काका, एवढा खल कशासाठी? आमच्या घरी कोणतेही नवे कापड आले की बादलीभर पाण्यात वाटीभर पांढरे व्हिनेगर आणि मूठभर खाण्याचा सोडा घालून भिजवतात. खूप बुडबुडे येतात आणि वास जातो. बाकी नव्या कापडातल्या फॉर्मल्डिहाइड नावाच्या रसायनाच्या वगैरे गोष्टी लोकांना घाबरवण्यासाठी इंटरनेटवर फिरत असतात, असे माझे मत आहे.

जुना रंगारी

शंकासुर, तुमच्या बादलीत आम्ल आणि क्षार एकमेकांना संपवतात. बुडबुडे कर्बवायूचे असतात आणि तो निघून गेल्यावर मागे फार थोडे काम करणारे पाणी उरते. तुमच्याकडे वास जातो तो त्यानंतरच्या भिजण्याने आणि खळबळण्याने. दोन्ही वापरायचेच असतील तर आधी एक, मग स्वच्छ पाणी, मग दुसरे असे वापरा. व्हिनेगर आणि क्लोरिनचे ब्लीच एकत्र मात्र कधीही करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

काळ्या कापडाला तर व्हिनेगर लावूच नये. स्वस्त काळे सुती कापड आणि काळे अस्तर पुष्कळदा सल्फर रंगाने रंगवलेले असते. नीट न धुतलेल्या अशा कापडाला सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि त्यावर आम्ल पडले तर तोच वास देणारा वायू आणखी सुटतो. शिवाय हे कापड दमट जागी साठवले की उरलेल्या गंधकाचे हळूहळू आम्ल होते आणि कापड विरते. वर्षभर कपाटात ठेवलेला काळा परकर हातात फाटतो, त्याचे हे एक कारण आहे. अशा कापडाला थोडा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात खळबळून वाळवणे योग्य.

आता पॉपलिन आणि फॉर्मल्डिहाइड. सुती कापडाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून त्याच्या तंतूंना रेझिनने आतल्या आत बांधतात, आणि ही रेझिने पारंपरिकरीत्या फॉर्मल्डिहाइडपासून बनतात. गिरणीत नंतरची धुलाई वाचवली, तर न बांधला गेलेला अंश कापडात राहतो. त्याच रेझिनमधल्या नायट्रोजनयुक्त भागापासून अमाइन तयार होतात आणि मासळीचा वास या अमाइनचा असतो. वाफेची इस्त्री फिरवली की तो अधिक उठतो, ही त्याची खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला मानवात निश्चित कर्करोगकारक ठरवले. तो निष्कर्ष मुख्यतः कारखान्यांत दीर्घकाळ श्वासावाटे होणाऱ्या संपर्कावर आधारलेला आहे, आणि कापडाच्या बाबतीत रोजचा प्रश्न त्वचेच्या ॲलर्जीचा असतो. म्हणून भीती घालू नये हे मला मान्य आहे.

परंतु बाळाचे माप वेगळे आहे. जपानने १९७३ च्या कायद्याखाली केलेल्या नियमांत दोन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांसाठी फॉर्मल्डिहाइडची मर्यादा प्रति किलो सुमारे १६ मिलिग्रॅम आणि मोठ्यांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी ७५ मिलिग्रॅम ठेवली आहे. कापडात अपायकारक द्रव्ये नाहीत हे तपासून दिल्या जाणाऱ्या, १९९२ पासून चालू असलेल्या ओको-टेक्स या प्रमाणपत्राचेही निकष याच पातळीचे आहेत. जर्मनीत प्रमाण ०.१५ टक्क्याच्या वर गेले तर पहिल्या वापरापूर्वी कापड धुण्याची सूचना लेबलवर छापावी लागते. हा पदार्थ पाण्यात चांगला विरघळतो, त्यामुळे मोकळा अंश धुण्याने खरोखरच कमी होतो. गिरणीत आम्ही हे काम सोडा आणि साबणाच्या गरम पाण्याने करत असू. व्हिनेगरने मासळीचा वास तात्पुरता दबतो, कारण आम्लामुळे अमाइनचे क्षार होतात आणि ते उडत नाहीत, परंतु त्यानंतर ते पाण्याने काढून टाकले नाहीत तर घाम लागल्यावर वास परत येतो. शिवाय आम्लाने रेझिन थोडे सुटूही शकते, म्हणून मी ते येथे वापरणार नाही.

घरी करता येण्यासारखी एक परीक्षा सांगतो. तुकडा धुऊन पूर्ण वाळवा, स्वच्छ काचेच्या बरणीत घाला, झाकण घट्ट लावा आणि बरणी दिवसभर उबदार जागी ठेवून मग उघडून हुंगा. अमेरिकेतल्या कापड-तपासणीच्या एका प्रमाणित पद्धतीत अशाच बंद बरणीत पाण्याच्या वर कापड टांगून ती ४९ अंशांना २० तास ठेवतात आणि पाण्यात उतरलेले फॉर्मल्डिहाइड मोजतात. आपले नाक काही मोजणार नाही, पण वास पुन्हा तयार होतो आहे की संपला आहे एवढे नक्की सांगेल. दोनदा धुतल्यावरही बरणीतून मासळीचा वास आला, तर ते पॉपलिन बाळंतविड्यात नको. रेझिनचा हा दोष आहे की ते पुढेही थोडेथोडे सुटत राहते. आणि खरे म्हणजे बाळाच्या झबल्याला सुरकुती पडली तर काय बिघडते?

शंकासुर

सोडा आणि व्हिनेगर एकदम घालण्याबद्दलचे पटले. घरी सांगून पाहतो, पण बुडबुड्यांवरचा विश्वास उडवणे अवघड आहे.

हिरडा बेहडा

मी नैसर्गिक रंगांचे काम करते, त्यामुळे एक पुरवणी. कोणी बाळंतविड्यासाठी हाताने रंगवलेली कलमकारी घेणार असेल तर तिला नवी असताना दुधाचा, किंचित खवट वास येतो आणि तो भेसळीचा किंवा घाणीचा नसतो. श्रीकालहस्तीच्या पद्धतीत कापड रंगवण्यापूर्वी हिरड्याच्या काढ्यात आणि म्हशीच्या दुधात बुडवतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे कलमाची रेघ पसरत नाही. काळा रंग गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून करतात, त्याचाही थोडा वास राहतो. अजरखच्या कापडाला सुरुवातीच्या संस्कारात उंटाची लीद आणि एरंडेल लागते. हे सगळे पुढच्या धुण्यांत निघून जाते. अशा कापडाला धुण्याचा सोडा, उकळते पाणी आणि व्हिनेगर या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजा, कारण हिरड्याचा पिवळा आणि लोखंडाचा काळा दोन्ही आम्ल-क्षाराने बदलतात. रिठ्याच्या थंड पाण्यात बुडवून काढा आणि सावलीत वाळवा.

निळीच्या छापील कापडाला गंधकाची झाक असेल तर तो बहुधा कुंडात वापरलेल्या हायड्रोसल्फाइटचा अंश असतो. भरपूर साध्या पाण्याने तो जातो. निळा रंग पाण्यात उतरतो म्हणून हे कापड वेगळे धुवावे.

झबलेवाली

सर्वांचे मनापासून आभार. मांजरपाट काकांनी सांगितल्याप्रमाणे भिजवून उकळवला आणि तो प्रश्न मिटला, तो वासाने आणि स्पर्शाने आता वेगळेच कापड वाटतो. वासाची लोकर बाजूला ठेवून दुसरी आणली आहे. पॉपलिनचा तुकडा धुऊन बरणीत घातला आहे.

राहिलेल्या शंका अशा : मेणकापडाचे काय करावे? टोपड्याच्या कडेला ताठपणासाठी घालायच्या बकरम या कडक कापडाला धुरकट, पिठूळ वास आहे, तो धुऊन काढावा का? आणि बारशासाठी नावाची पाटी करायला एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, कापलेले अक्षर-तुकडे आणले आहेत, त्यांना जळकट वास येतो. हे सगळे सामान नंतर वेखंडाच्या पुरचुंडीसह ठेवले तर चालेल का?

जुना रंगारी

मेणकापड परत करा. ते पीव्हीसीचे असणार आणि त्याचा वास त्याला मऊ ठेवणाऱ्या प्लॅस्टिसायझरचा व लेप चढवताना वापरलेल्या द्रावकांचा असतो. द्रावक हवेने उडतील, परंतु प्लॅस्टिसायझर हा त्या वस्तूचाच भाग आहे. तो काढला तर मेणकापड कडक होऊन तडकेल, आणि कडक उन्हात हेच होते. युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशाने थॅलेट या वर्गातले तीन प्लॅस्टिसायझर मुलांच्या खेळण्यांत व संगोपनाच्या वस्तूंत ०.१ टक्क्याहून जास्त असण्यास मनाई केली. आपल्या बाजारातल्या सुट्या मेणकापडावर घटक छापलेले नसतात, तेव्हा नाक हाच आधार. बाळासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी, लेबल असलेली रबरी शीट घ्यावी. तिला रबराचा वास असतो, तो धुऊन वारा दिल्यावर कमी होतो.

बकरम धुऊ नका, त्याचा ताठपणा खळीत किंवा गोंदात असतो आणि तो पाण्यात जाईल. उन्हात उलटसुलट ठेवा. तेवढ्याने वास गेला नाही तर तो बुरशीचा असण्याचा संभव आहे, आणि मग टाकून देणेच बरे, तो स्वस्त असतो. मी तर लहान टोपड्यात बकरमऐवजी मांजरपाटाचे दोन पदर घालावेत असे सुचवीन. धुतल्यावर आकार टिकतो आणि बाळाच्या कपाळाला टोचत नाही.

भुलेश्वरकर

एमडीएफचा जळकट वास लेझरने कापल्यामुळे कडेला आलेल्या काजळीचा आहे. बारीक पॉलिश पेपरने कडा घासा आणि भुकटी ओल्या फडक्याने टिपा. घासताना तोंडाला मास्क लावा. त्याखाली जो नाकात झोंबणारा वास उरतो तो लाकडाचा भुसा चिकटवणाऱ्या युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. पाटी रंगवणारच आहात, तेव्हा कडा आणि पाठसुद्धा प्रायमरने पूर्ण बंद करा. बहुतेक लोक दर्शनी बाजू रंगवतात आणि पाठ कोरी सोडतात, तेथूनच वास येत राहतो. पाटी दाराला लावा, पाळण्याला नको.

लोकरीचा गुंडा

वेखंड मोठ्यांच्या लोकरीत कसरीसाठी जरूर ठेवावे, पण तयार बाळंतविड्यात ठेवू नये असे मला वाटते. वेखंडाचाही उग्र वास कापडात बसतो आणि काही बाळे त्याने शिंकतात. धुऊन पूर्ण वाळलेले कपडे जुन्या, मऊ, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवले तर पुरेसे आहे. पिशवी प्लास्टिकची नको. पावसाळ्यात कपाटाची दारे अधूनमधून उघडी ठेवा.

झबलेवाली

बरणी उघडली. पॉपलिनला वास अजून आहे, कमी पण तोच, म्हणून ते मी पडद्यांच्या झालरीसाठी बाजूला काढले आहे. उरलेला न कापलेला तागा दुकानदाराने बिल पाहून बदलून दिला. छापील कापडाचा रंग फडक्याला लागला नाही आणि वाऱ्यावर ठेवून धुतल्यावर एरवी काहीच वास येत नाही. मात्र इस्त्री तापली की रॉकेलची पुसट आठवण येते. याचा अर्थ ते अजून आत आहे का?

जुना रंगारी

होय, थोडे जड तेल आहे आणि ते उष्णतेनेच निघेल. खिडक्या उघड्या ठेवून, सुती कापडाच्या खुणेवर, वाफ न देता उलट्या बाजूने सावकाश इस्त्री करा. बाइंडरही त्याने आणखी पक्का होईल. मग कापड पुन्हा एकदा डिटर्जंटने धुऊन वाळवा आणि त्याच इस्त्रीखाली हुंगून पाहा. इस्त्री तापल्यावरही वास आला नाही की कापायला घ्या.